तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या आंब्यावरचं ऑर्किड

"लातुरात माणसाला पाणी मिळंना, अन् तुमचं हे कसं काय जगायलंय हो काकू?" अंगणात आलेलं माणूस आंब्याकडे मान वर करतं आणि हेच विचारतं. पुढचं वाक्य ठरलेलं, "आम्हालाबी एक द्या की."

अहो, हे ऑर्किड कोरड्या रानातलंच आहे. वांडा टेसेलाटा त्याचं नाव. आपल्याकडे आंब्या-बाभळीवर वाढतं, लोक बांदा म्हणतात. त्या नावापायी बिचारं मार खातं. बांडगूळ समजून शेतकरी कोयत्याने उतरवतो. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं. मुळ्यांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं, दवाचं पाणी ते टिपून घेतं, आणि भिजलं की मुळी बघता बघता हिरवी दिसते. पानांची छिद्रंही दिवसा मिटलेली, रात्री उघडी, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. मराठवाड्यात याहून शहाणपण ते काय असायचं!

माझ्याकडे आलं ते वळवाच्या वादळाने. शेजाऱ्यांच्या बांधावरचा आंबा पडला, त्याच्या फांदीवर दोन रोपं होती. पहिलं मी हौसेनं कुंडीत लावलं, माती आणि शेणखत घालून. पावसाळ्यात मुळ्या कुजून गेलं. दुसरं मग जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने आंब्याच्या खडबडीत सालीला बांधलं, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली बघून. पुढच्या पावसाळ्यात मुळ्यांची हिरवी टोकं सालीला चिकटली, पट्टी आपोआप कुजून पडली. खत-बित काही नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी जरा शिंपडते, तेही साठवलेलं पावसाचं पाणी. बोअरच्या पाण्याने मुळ्यांवर क्षारांचा थर बसला होता, तेव्हापासून ते बंद. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात याला थेंबही दिला नाही. पानं सुरकुतली, फुलं आली नाहीत, पण तगलं. आता पिवळसर फुलं येतात, त्यावर तपकिरी जाळी आणि जांभळट ओठ. सुवास असा की ओट्यावर बसवत नाही, उठून झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं.

राहिलं दुसरं, देण्याचं. याच्या एका बोंडात धुळीसारख्या बारीक हजारो बिया असतात, पण बीमध्ये शिदोरी अशी नसतेच. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. म्हणून रानातल्या झाडावरून ओरबाडून आणू नका, मला तर ते चोरीच वाटते. रोपवाटिकेत वाढवलेलं घ्या, नाहीतर पडलेल्या, तोडलेल्या फांद्यांवर लक्ष ठेवा.

माझ्या झाडाला बुडाशी एक फुटवा आलाय. त्याला स्वतःच्या दोन मुळ्या सुटल्यात. तिसरी सुटली की वेगळा करीन. तिघींनी आधीच नंबर लावलेत. कालच त्यातल्या एकीचा फोन आला, "काकू, कुंडी केवढी आणू?"