चिपीला उतरताना

२०२१ साली सुरू झालेल्या, सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर आज मुंबईहून उतरलो. चाके धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच, पट्टे बांधून ठेवण्याची खूण अजून उजळलेली असतानाही, निम्मे प्रवासी उभे राहून वरचे कप्पे उघडू लागले आणि एका गृहस्थांची जडशीळ पिशवी माझ्या शेजारच्या आजींच्या खांद्यावर आदळली. विमान अजून वळत होते. दार उघडायला अवकाश होता. (एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय इथे कशासाठी?) त्याउलट, पुढच्या रांगेतल्या मुलाने वाटेत मागे वळून, “आजी, खुर्ची जरा मागे घेऊ का?” असे विचारले होते. आजी हसून म्हणाल्या, “घे रे बाबा, माझे पाय खंय एवढे लांब आसत!”