इतलं खेईसन काय भेटस वं माय?

हा प्रश्न पहिल्यांदा जाऊबाईंनी विचारला. मग ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा पिताना विचारला गेला, मग एका लग्नाच्या पंगतीत. पुण्याला शिकणारा भाचाही तेच विचारतो, फक्त जरा सभ्यपणे: "मावशी, गेम संपवल्यावर नेमकं मिळतं काय तुला?" पन्नाशी ओलांडलेली बाई दिवसभर सरकारी कार्यालयात दाखल्यांच्या टेबलावर बसते आणि रात्री भांडी आवरली की लॅपटॉप उघडून गेम खेळते, याचं लोकांना नवल वाटतं. रमी खेळत असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

लॅपटॉप लेकाचा. नोकरी लागल्यावर त्यानं नवा घेतला आणि हा इथे खानदेशात, चोपड्याला ठेवून गेला, आत भरलेल्या गेमांसकट. आधी मी त्याच्यावर फोटो बघायची. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालिकेतली सासू सुनेला घराबाहेर काढते तेव्हा मी चहा पीत बघते, चार शिव्या देते आणि मोकळी होते. गेममध्ये दार माझ्या हातानं लावायचं असतं. त्यामुळे एखादा गेम संपला की त्याची गोष्ट कशी होती हे मला फारसं आठवत नाही. त्यानं माझ्याकडून काय काय करवून घेतलं, ते मात्र राहतं. गेम बरा की वाईट हे मी त्यावरूनच ठरवते. गेल्या काही महिन्यांत जे संपवले त्यांनाही हीच फूटपट्टी लावली.

पहिला 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप नावाच्या माणसानं तो जवळपास एकट्यानं बनवला, 2013 साली. अर्स्तोत्स्का हा कल्पनेतला देश, साल 1982, सीमेवरचा एक नाका. तुम्हाला लॉटरीत नोकरी लागलेली असते: खिडकीत बसायचं, रांगेतल्या माणसाचे कागद बघायचे, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. बस, एवढाच गेम. लेक म्हणाला होता, "आई, तू हा खेळू नकोस, तुला ऑफिसातच बसल्यासारखं वाटेल." वाटलंच. दोन कागदांवरचं नाव जुळतं का, जन्मतारीख जुळते का, फोटोतला माणूस हाच का, मुदत संपली आहे का. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर सुमनबाई, आधारवर सुमन आणि रेशनकार्डावर सुमाबाई असलेली एकच बाई रोज उभी असते. अर्ज त्रुटीत टाकायचा की समजून घ्यायचं, हे वरच्या साहेबाचा मूड आणि खाली लागलेली रांग बघून ठरतं. इथेही रोज सकाळी नवा नियम येतो. काल चाललेला कागद आज चालत नाही. हे लिहिणारा माणूस कधीतरी आमच्यासारख्या खिडकीसमोर ताटकळला असणार, अशी माझी खात्री आहे.

पण खरी गंमत पगारात आहे. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट. चूक झाली की चिठ्ठी येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. रात्री हिशेब समोर येतो: भाडं, जेवण, शेगडीचा खर्च, कुणी आजारी असेल तर औषध. म्हणजे कागद नीट बघायला गेलात तर माणसं कमी होतात, घाई केलीत तर दंड बसतो, आणि दोन्हीकडून घरातली शेगडी विझते. टेबलावर बसलेला माणूस तुसडा का होतो, हे मला आजवर कुणाला समजावून सांगता आलं नव्हतं. आता मी म्हणते, हा गेम खेळा.

त्यात एक जोडपं येतं. नवऱ्याचे कागद चोख. मागून बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठवलंत तर तिकडे जिवंत राहणार नाही, असं ती सांगते. हिरवा शिक्का मारला तर चिठ्ठी येते, लाल मारला तर काहीच होत नाही. रांग पुढे सरकते. मी हिरवा मारला, आणि पुढच्या माणसाचे कागद दुप्पट बारकाईनं तपासले, कारण आता चुकायला फार जागा नव्हती. तो बिचारा काय म्हणत असेल!

त्याहून बेरकी भाग म्हणजे नाक्यावरचा एक शिपाई. तो येऊन हळूच सांगतो की प्रत्येक अटकेमागे मला जादा पैसे मिळतात, तू माणसं धरून दिलीस तर तुलाही वाटा देईन. ज्याला नुसतं परत पाठवता आलं असतं, त्याला अटक करणंही नियमातच बसतं. गेम इथे एक शब्द बोलत नाही. बोट दाखवत नाही, दुःखी संगीत वाजवत नाही. फक्त रात्रीच्या हिशेबात चार पैसे वाढतात. मुलगा आजारी होता, मी घेतले. लाच या विषयावर आम्हाला दरवर्षी दक्षता सप्ताहात भाषण असतं, प्रतिज्ञाही असते. इतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

या गेमला वीस शेवट आहेत. कुठे तुरुंग, कुठे पळून जाणं, कुठे सत्तापालट. माझ्या वाट्याला आला तो असा: एकतिसाव्या दिवशी दप्तर तपासणी झाली, आक्षेप निरंक, नोकरी चालू. सरकारी माणसाला याहून गोड शेवट काय असणार! आणि त्या रात्री मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटलं ते याच शेवटानं.

दुसराही त्याच पोपचा, 2018 सालचा, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. साल 1807. बेपत्ता झालेलं एक जहाज काही वर्षांनी आपोआप बंदराला लागतं, आत जिवंत कुणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. हातात खलाशांची यादी, एका चित्रकारानं काढलेली सगळ्यांची रेखाचित्रं, आणि एक घड्याळ. प्रेताजवळ ते घड्याळ उघडलं की त्या माणसाचे शेवटचे शब्द ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात हिंडायचं आणि साठच्या साठ माणसांबद्दल लिहायचं: हा कोण, त्याचं काय झालं, कुणी केलं.

चित्रं सगळी दोन रंगांत, जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. पहिले काही दिवस डोळे दुखले. मग सवय झाली आणि वेगळंच काही दिसायला लागलं. कुणाच्या झोळीवर नंबर आहे, कुणाच्या अंगावर गोंदण, कुणाच्या पायात कसले बूट, कोण कुणाच्या शेजारी बसून पत्ते खेळतो. यादीत हिंदी खलाशीही आहेत, आणि त्यांना मी साहेब लोकांच्या आधी शोधून काढलं हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. तीन जणांचं बरोबर लिहिलंत की गेम ते पक्कं करतो. एकट्यादुकट्याचं करत नाही, म्हणजे अंदाजपंचे ठोकून देता येत नाही. मी वही घातली होती, उभ्याआडव्या रेघा मारून. जाऊबाईंना वाटलं भिशीचा हिशेब आहे.

शेवटी कंपनी निकाल लावते: कुणाच्या वारसांना किती द्यायचं आणि कुणाच्या नावावर दंड टाकायचा. जो माणूस भर वादळात दुसऱ्याला वाचवायला गेला आणि जो कुणाच्या पाठीत सुरा खुपसून मेला, दोघं एकाच कागदावर, एकाच अक्षरात, पुढे रकमेचा रकाना. वारस नोंदीची प्रकरणं ज्यानं हाताळली आहेत त्याला तो कागद वाचताना काय होतं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच म्हणते की मी जे लिहिलं त्यावरून त्या रकमा ठरल्या होत्या. हा गेम एकदाच खेळता येतो, कारण उत्तरं कळल्यावर उरत काही नाही. स्मृती गेली तर पुन्हा खेळीन.

'गॉड ऑफ वॉर' मी भाच्याच्या आग्रहाखातर घेतला, 2018 सालचा, नंतर विंडोजवर आलेला. क्रेटॉस हा बाप आणि अट्रेयस हा मुलगा, दोघं बाईच्या अस्थी घेऊन निघतात. तिची शेवटची इच्छा अशी की सगळ्या जगांतल्या सर्वांत उंच शिखरावरून राख उधळायची. आमच्याकडे अस्थी तापीत सोडतात, कुणी तापीकाठच्याच प्रकाशा या तीर्थाला घेऊन जातं, त्यामुळे हा प्रवास काय आहे हे मला कुणी समजावण्याची गरज पडली नाही. बापाला बोलता येत नाही आणि पोराला गप्प बसता येत नाही. होडीत बसले की मात्र गोष्टी सुरू होतात. काठ लागला की अर्धी राहिलेली गोष्ट पुन्हा होडीत बसल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. मी कित्येकदा नुसती वल्हवत राहिले, गोष्ट पूर्ण व्हावी म्हणून. कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही तुटत नाही, हे भाच्यानं सांगितल्यावर लक्षात आलं.

पण हाणामारी फार. तोच तो दगड उचललेला राक्षस, रंग बदलून पुन्हा पुन्हा. सगळ्यात सोप्या पातळीवर खेळूनही माझी बोटं आखडली. त्यात मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतोय आणि लाईट गेली की इन्व्हर्टर त्याला झेपत नाही. राख उधळायच्या दृश्यापर्यंत पोचले तेव्हा पहिला पाऊस झालेला होता. तो शेवट मी सांगणार नाही. बापानं मुलाच्या हातात पिशवी दिली तेवढं सांगते.

'राजी' पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. सर्कशीतली पोर, तिच्या भावाला राक्षस पळवतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत एकमेकांशी बोलत असतात, ते छान. भिंतींवरची चित्रं आणि राजस्थानी वाडे मी थांबून थांबून पाहिले. आपल्याकडच्या देवता कुणीतरी गेममध्ये प्रेमानं काढल्या याचा आनंद झालाच. पण हाताला काम काय, तर खांबावर चढा, उडी मारा, चार राक्षस मारा, पुढच्या अंगणात पुन्हा चार. आणि जरा रंग भरतोय म्हणेपर्यंत संपतो. ठेच लागल्यासारखी थांबले. आपलं म्हणून पाठ थोपटावी हे ठीक, पण दुसऱ्या भागात भिंतींइतकंच लक्ष हातांकडे द्यावं.

राहिला 'स्टारड्यू व्हॅली'. हा मी संपवला म्हणत नाही, कारण तो संपतच नाही. एरिक बरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं घालवून चित्रं, संगीत, सगळं स्वतः केलं आणि 2016 साली बाजारात आणला. आजोबांचं पडीक शेत तुमच्या नावावर होतं, तुम्ही ते कसायचं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन तुमचं काम जोखतो, चांगलं असेल तर चार मेणबत्त्या पेटतात. माझ्या चारही पेटल्या. मला वाटलं होतं, इथे माझ्या फूटपट्टीचं काही काम नाही, कारण हा गेम कुणाचं वाईट करायला लावत नाही. पेरा, पाणी घाला, शेजाऱ्याला वाढदिवसाला भेट द्या. जाऊबाई याला 'तुझं बिनत्रासाचं वावर' म्हणतात.

सासरी नदीकाठाला केळी आहे. म्हणून या गेममध्ये दूरच्या एका बेटावर केळीचं रोप मिळतं हे कळलं तेव्हा मी बाकी सगळं सोडून त्याच्या मागे लागले. ते अठ्ठावीस दिवसांत तयार होतं. पाणी लागत नाही, खत नाही, ठिबक नाही. वारा आला तरी आडवं होत नाही, करपा नाही, सीएमव्हीचा विषाणू नाही. एकदा लावलं की कायमचं, बुंध्याशी फुटणारं पील पुढच्या पिकासाठी राखायची भानगड नाही. आणि हंगामात रोज किती द्यावं? एक केळं. घड नाही, फणी नाही, झाडाला लटकलेलं एक केळं.

हे बघायला मी दिराला मुद्दाम बोलावलं. भाऊजी तीस-पस्तीस वर्षं केळी करतात. मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची आणि पावसाळा सरतानाची लावण, दोन्ही. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव विचारणारा माणूस. ते एका केळ्याला हसतील अशी माझी अपेक्षा होती. हसले नाहीत. माल पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा होतात हे त्यांनी दोनदा करून दाखवायला लावलं.

"भाव कोण ठरवतं?"

मी म्हटलं, गेम बनवणाऱ्यानंच. एका केळ्याला दीडशे, माल चांगला असेल तर जरा जास्त. रोज बदलत नाही.

"उन्हाळ्यात आवक वाढली तरी?"

"तरी."

"व्यापारी कापायला आलाच नाही तर?"

"व्यापारीच नाही, भाऊजी. पेटी आहे."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "मंग तठेच वावर लेऊत." तेव्हापासून रविवारी दुपारी लॅपटॉप माझ्या हाती लागत नाही. जाऊबाई आता तोच प्रश्न नवऱ्याला विचारतात.