महामार्ग ४८ वरचा तिरंगा: अपशिंग्यापासून बेंगेरीपर्यंत

हुबळीला जायचं ठरलं ते मित्राच्या कामासाठी. त्याचा धंदा यंत्रांच्या सुट्या भागांचा. मला बघायचं होतं ते वेगळंच. हुबळीच्या बेंगेरी भागात खादीचा राष्ट्रध्वज शिवला जातो हे कधीतरी वाचलं होतं, तो कसा शिवतात ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. निघण्याआधी नकाशा उघडला आणि लक्षात आलं की याच रस्त्यावर साताऱ्याजवळ मिलिटरी अपशिंगे आहे, कोल्हापुरात तो ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ आहे, बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे आणि धारवाडच्या अलीकडे झेंड्याचं कापड विणणारं गरग. मित्राला म्हटलं, थांबत थांबत जाऊ. तो म्हणाला, "डिझेल तुझं."

सातारा मागे टाकून महामार्ग सोडला की उसाच्या रानांतून रस्ता अपशिंग्याला जातो. गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण म्हणून इंग्रजांनी इथे स्मारक उभारलं. पिढ्यान्‌पिढ्या इथली पोरं फौजेत जातात. पहाटे रस्त्याने पळणारी मुलं दिसतात म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि पारावर निवृत्त मंडळी बसली होती.

स्मारकापाशी उभं राहिल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा: हे ४६ जण मेले तेव्हा तिरंगा होताच कुठे? पिंगली वेंकय्यांनी बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, गांधीजींना झेंड्याचा आराखडा दाखवला तो १९२१ साली, युद्ध संपल्यावर. पारावरच्या एका निवृत्त सुभेदारांना मी हे विचारलं. सत्तरी ओलांडलेले, ताठ बसलेले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

"झेंडा सायबाचा व्हता. मान्सं आमची व्हती."

मग लढले कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाले, "पगार व्हता. पलटन व्हती. आन् परत आल्यावर गावात तोंड दाखवायचं असतंय की."

त्यांच्याकडून मी तिरंग्याबद्दल काहीतरी भारदस्त ऐकायला आलो होतो, हे त्यांनी ओळखलं असावं. मी विषय सिनेमातल्या शिखरांवर नेला. खडकावर झेंडा रोवला जातो, मागे सूर्य, वगैरे. त्यावर ते हसले. सुभेदारांची बरीच नोकरी काश्मीरमध्ये झालेली. "पोस्ट घेतली की आदी गिनती हुती. कोन हाय, कोन न्हाय. मग पानी. झेंडा त्येच्या मागनं." पुढे म्हणाले, गोळी चालू असताना झेंडा डोक्यात नसतो, शेजारचा असतो.

म्हणजे झेंड्याचं त्यांना काही नव्हतं असं मुळीच नाही. उलट आमच्यापेक्षा फार जास्त होतं, फक्त ते रोजचं होतं. भरती झालेल्या रंगरुटाची कसम परेड होते. समोर तिरंगा, शेजारी धर्मग्रंथ, आणि त्यांच्या साक्षीने शपथ. त्यानंतर नोकरीभर रोज संध्याकाळी सूर्य मावळला की बिगुल वाजतो आणि झेंडा उतरतो. तेव्हा मैदानात फुटबॉल चालू असला तरी जो जिथे असेल तिथे सावधान. सुभेदार म्हणाले की सुट्टीवर घरी आल्यावर सुरुवातीचे दिवस संध्याकाळी पाय आपोआप थांबायचे, बायको विचारायची काय झालं म्हणून.

घडी घालायची पद्धत मला ठाऊक नव्हती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पारावर पसरला. तिरंगा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा दोन्ही बाजूंनी चक्राकडे असा आत घ्यायचा की वर अशोकचक्र आणि थोडासा केशरी, थोडासा हिरवा एवढंच दिसेल. ती घडी दोन्ही तळहातांवर न्यायची. टॉवेलावर मधोमध चहाचा डाग होता, तो बरोबर चक्राच्या जागी आला.

हे त्यांना एवढं पाठ कसं, तर एका जवानाची शवपेटी घेऊन त्याच्या गावी जायची ड्युटी त्यांच्यावर आली होती. ध्वजसंहितेत त्याचे नियम आहेत: पेटीवर तिरंगा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे, आणि हा झेंडा थडग्यात उतरवायचा नाही की चितेवर जाळायचा नाही. सरण पेटायच्या आधी तो काढून, घडी करून घरच्यांच्या हातात द्यायचा. त्या गावात तो कुणाच्या हातात द्यायचा यावरून जरा वेळ गेला. आई की बायको. सुभेदारांनी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं आणि दिला. एवढं सांगून त्यांनी टॉवेल झटकला, परत खांद्यावर टाकला आणि आमच्या गाडीचं ॲव्हरेज विचारलं.

कोल्हापूर आम्ही घाईत उरकलं. पोलीस उद्यानातला स्तंभ २०१७ च्या महाराष्ट्रदिनी उभा राहिला. एवढा मोठा झेंडा फडफडत नाही, संथ उलगडत जातो. खाली कुटुंबं, सेल्फी, भेळ. माझा मित्र अशा गोष्टींना नाकं मुरडतो. देशप्रेम फुटांत मोजायचं का, असं त्याचं म्हणणं. उंचीच्या चढाओढीचं मलाही कौतुक नाही. एवढ्या उंचीवरचा वारा झेंडे फाडतो आणि ते पुन्हा पुन्हा बदलावे लागतात.

पण त्या गर्दीला मी हसणार नाही. साध्या नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर, कोणत्याही दिवशी तिरंगा लावायची मोकळीक मिळाली ती २६ जानेवारी २००२ ला, ध्वजसंहिता नव्याने आली तेव्हा. त्याआधी ठरावीक दिवस सोडले तर तो सरकारी इमारतींचा झेंडा होता. रायगडच्या, म्हणजे छत्तीसगडच्या रायगडच्या, कारखान्यावर झेंडा लावू दिला नाही म्हणून उद्योगपती नवीन जिंदल कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निकाल दिला की सन्मानाने ध्वज फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कलम १९ (१) (अ) खाली येतो. स्वातंत्र्य मिळून अर्धशतक उलटल्यावर. आमच्या लहानपणी झेंडा म्हणजे शाळेचं मैदान, वर्षातून दोनदा, आणि फुलांच्या पाकळ्या नीट पडतील का याची गुरुजींना लागलेली काळजी. जो झेंडा इतकी वर्षं लांबूनच बघितला, तो जवळ मिळाल्यावर लोक फोटो काढणारच.

बेळगावात शिरताना मराठी माणसाला झेंडे मोजायची सवय असते. कुठे मराठी बाजूचा भगवा, कुठे कन्नड बाजूचा लाल-पिवळा, आणि किल्ल्याच्या तलावाकाठी ११० मीटर उंचीवर तिरंगा. पहिल्या दोघांवरून इथे काय काय झालंय ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. तिसऱ्याखाली मात्र दोन्हीकडचे लोक संध्याकाळी फिरायला येतात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जायची परवानगी आम्ही आधी काढली नव्हती, त्यामुळे बाहेरूनच बघितलं. या रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची. सुभेदारांचं बोलणं डोक्यात असल्यामुळे मी तिथे उभा राहून हिशेब करत होतो. या एका पलटणीने आधी कंपनी सरकारचा झेंडा पाहिला, मग राणीचा, मग आपला. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले. संगमनेर तालुक्यातले नामदेव जाधव १९४५ मध्ये इटलीतच लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. घाडगे तिरंग्यासाठी लढले नाहीत, आणि तरी माणगावात त्यांचा पुतळा आहे, त्यांना मानवंदना दिली जाते. संविधान सभेने तिरंगा स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. पंधरा ऑगस्टला जेमतेम तीन आठवडे उरले होते. रेजिमेंट तीच, छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची घोषणा तीच, आणि दोरीवरचं कापड नवं. शिपायांनी हा बदल इतक्या सहज कसा पेलला याचं उत्तर बहुधा पारावर मिळालं होतं: पलटण बदलली नव्हती.

धारवाडच्या अलीकडे महामार्ग सोडून गरगला गेलो. काळी जमीन, कापसाचा मुलूख. झेंड्याची खादी इथे १९५० च्या दशकापासून विणली जाते. कापड दोन तऱ्हेचं लागतं: झेंड्याला पातळ, आणि दोरी जिथे ओवतात त्या पट्टीला जाड. जाडं कापड विणायला कसब जास्त लागतं आणि ते येणारे हात कमी होत चाललेत, असं तिथल्या एका विणकराने सांगितलं. मागावरून निघतं ते पांढरंच कापड. त्याचं पुढे काय होणार हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

बेंगेरीत मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा फार जास्त वेळ राहिलो. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचं हे आवार. संघ १९५७ चा. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की बहुतेक हात बायकांचे आहेत. पांढरं कापड धुऊन, रंगवून येतं. त्याचे पट्टे कापले जातात, पांढऱ्यावर चक्र छापलं जातं, मग तीन पट्टे जोडून शिलाई, शेवटी दोरी आणि लाकडी खुंटी. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. रंगाची छटा, टाके, दोरी, सगळं त्यात बांधलेलं.

मला वाटलं होतं शिलाई कठीण असेल. पण तिथल्या एका अक्कांनी सांगितलं, खरी कसोटी चक्राची. चक्र दोन्ही बाजूंना छापतात आणि दोन्ही एकावर एक तंतोतंत बसली पाहिजेत, चोवीसच्या चोवीस आरे. त्यांनी एक तुकडा खिडकीशी धरला. एका आऱ्याच्या कडेला केसाएवढी सावली दिसत होती. मला ती दाखवल्यावरही धड दिसेना. तो तुकडा बाद.

झेंड्याची प्रमाणित मापं नऊ. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एकवीस फूट बाय चौदा. त्याचं चक्रच सव्वा मीटरहून मोठं. सगळ्यात छोटा टेबलावरचा, १५० बाय १००. त्याच्या वरचा मोटारीसाठी, त्याच्या वरचा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानासाठी. कोल्हापूर-बेळगावचे आभाळातले झेंडे या मापांत बसतच नाहीत. अक्का एकेक माप उलगडून दाखवत होत्या. १८०० बाय १२०० ला आल्या आणि म्हणाल्या, "ये छे बाय चार. छोटे ऑफिस पे लगता है. और मिलिटरीवाले के ऊपर."

मी विचारलं, शिवताना कळतं का कुठला कुठे जाणार? नाही कळत, म्हणाल्या. एकाच गठ्ठ्यातले काही कचेरीवर जातात, काही पेटीवर. म्हणून सगळे सारखेच शिवायचे.

कामाचं विचारल्यावर सूर बदलला. ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लावायची मोहीम निघाली, देशात झेंड्यांचा पूर आला, आणि हाताने सूत कातून झेंडा करणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. त्या वर्षी इथल्या लोकांनी आंदोलनही केलं होतं.

गाडीत बसल्यावर यावर आमचं भांडण झालं. मित्राचं म्हणणं, खादीचा झेंडा किती घरांना परवडेल? एवढ्या घरांना पुरेल इतकी खादी विणणार कोण? नागरिकाचा झेंडा हवा तर तो स्वस्तच असला पाहिजे. मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो आवडला नाही. माझं म्हणणं, स्वस्त मिळाला म्हणून लावतात आणि स्वस्त होता म्हणूनच सोळा ऑगस्टला तो गटारीकडेला सापडतो. फाटलेला, मळलेला झेंडा खासगीत, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करायचा, असं ध्वजसंहिता सांगते. घरोघरी झेंडा देताना हे किती जणांना सांगितलं गेलं? जुलै २०२२ पासून तर घरावर रात्रंदिवस ठेवायलाही मुभा आहे. म्हणजे उतरवायची सक्तीही गेली, आणि सुभेदारांचं सगळं नातं तर उतरवण्याशी होतं. यावर मित्र म्हणाला की सुभेदारांना झेंडा उतरवायचा पगार मिळत होता, आपल्याला संध्याकाळी सहाला ऑफिसातून सोडत नाहीत.

मी बेंगेरीहून ९०० बाय ६०० चा घेतला, गॅलरीच्या मापाचा. मित्राने टेबलावरचा घेतला आणि हुबळी सोडायच्या आतच तो डॅशबोर्डवर उभा केला. मी त्याला सांगितलं की मोटारीवर तिरंगा लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे, संहितेत यादीच दिली आहे. त्याने यादी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, यादी मोटारीवर झेंडा लावणाऱ्यांची आहे. हा मोटारीत आहे, आणि याचं माप टेबलाचं आहे. कित्तूर येईपर्यंत आम्ही डॅशबोर्ड हे टेबल आहे की नाही यावर वाद घालत होतो.