महिना पाचशे किलोमीटर आणि डिझेलचा हिशेब

२०१३ साली आम्ही डिझेल गाडी घेतली तेव्हा फार विचार करावा लागला नव्हता. मी कोथरूडहून रांजणगाव एमआयडीसीला रोज ये-जा करत होतो. दिवसाचं रनिंग शंभर किलोमीटरच्या वर होतं. त्याआधीच्या वर्षी पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या घरात फरक पडलेला होता. मारुती, टाटा, फियाट तिघांच्याही गाड्यांत तेच १२४८ सीसीचं इंजिन असायचं, त्यामुळे कुठल्याही गॅरेजला त्याची नस माहीत. त्या गाडीने दिलेलं समाधान मी कधी विसरणार नाही. पाच माणसं, सामान आणि एसी चालू असतानाही खंबाटकी घाटात ती तिसऱ्या गिअरवर हसत चढायची.

आता नोकरी घरूनच आहे. आई-वडील सोबत राहतात, गुडघ्यांमुळे त्यांना थोडी उंच गाडी हवी, बायकोला ऑटोमॅटिक हवी आणि सगळ्यांनाच सहा एअरबॅग हव्यात. गाडी बदलायचं ठरलं. नाशिकचा मेहुणा फोनवर म्हणाला, “दाजी, डोळे झाकून डिझेल घ्या. ॲव्हरेज बघा ना!” शोरूमच्या पोराचंही तेच म्हणणं. पण दहा-बारा लाखांची वस्तू ॲव्हरेजच्या एका आकड्यावर घ्यायला माझं मन तयार होईना.

म्हणून नवी गाडी बघण्याआधी जुन्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली. गाडी चालू केली की सुरुवातीचं रीडिंग, बंद केली की शेवटचं. बायकोनेही न कंटाळता नोंदी केल्या, याचं मला कौतुक आहे. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. महिन्याला सरासरी पाचशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहा हजार. त्याहून महत्त्वाचं हे की बहुतेक फेऱ्या सहा किलोमीटरच्या आतल्या होत्या. मंडई, दवाखाना, मुलीचा क्लास, डेक्कनला बँक. लांबचं म्हणाल तर महिना-दीड महिन्यातून वाई.

मग कागद घेऊन बसलो. पुण्यात पेट्रोल साधारण १०४ रुपये धरलं, डिझेल ९०. ज्या दोन गाड्या मनात होत्या, त्या वापरणाऱ्या ओळखीच्यांना टाकी फुल ते टाकी फुल असं मोजायला लावलं. गावातलं खरं ॲव्हरेज मिळालं ते पेट्रोलचं १३ आणि डिझेलचं १७. सहा हजार किलोमीटरला पेट्रोलचे ४८ हजार, डिझेलचे ३२ हजार. वर्षाला १६ हजार वाचतात. मेहुण्याचं म्हणणं इथवर बरोबर होतं.

पुढचा आकडा किमतीचा. सारख्याच सोयींच्या दोन गाड्यांमध्ये डिझेल एक लाख ४० हजारांनी महाग पडत होती. त्यावर आरटीओचा टॅक्स. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के. साडेदहा लाखांवर १२ टक्के म्हणजे एक लाख २६ हजार आणि अकरा लाख ९० हजारांवर १४ टक्के म्हणजे एक लाख ६६ हजार ६००. फरक चाळीस हजारांचा, आणि हा शोरूमच्या फलकावर वेगळा कुठे लिहिलेला नसतो, ऑन रोड किमतीत मिसळून गेलेला असतो. मी कोटेशनची प्रत्येक ओळ वेगळी मागून घेतली, तेव्हा तो दिसला. एकूण जास्तीचे एक लाख ८० हजार. वर्षाला १६ हजारांनी ते फिटायला अकरा वर्षं, कर्जाचं व्याज न धरता.

इन्शुरन्समध्ये मात्र मला वाटलं होतं तेवढा फरक नव्हता. थर्ड पार्टीचा हप्ता इंधनावर नसतो, इंजिनाच्या सीसीवर असतो. १००० ते १५०० सीसीला तो वर्षाला ३,४१६ रुपये, मग १२०० सीसीचं पेट्रोल असो की १४९३ सीसीचं डिझेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तेवढा किमतीप्रमाणे वाढतो.

खरा उलगडा आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे झाला. बारा वर्षं आमची गाडी सांभाळलेला माणूस. वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, “साहेब, जुन्या गाडीचं सोडा. नवीन डिझेल मंडईपर्यंतच नेणार असाल तर तिला आठवड्यातून एकदा हायवे दाखवावा लागेल.”

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाचा फिल्टर आला. (मारुतीने तर तेव्हापासून डिझेल बंदच केलं.) धुरातली काजळी हा फिल्टर धरून ठेवतो. ठरावीक साठा झाला की ती जाळावी लागते, आणि त्यासाठी फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. हायवेला वीस मिनिटं एका लयीत गाडी पळाली की हे काम आपसूक होतं. चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं इंजिनच नीट तापत नाही. मग गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायला बघते. ते चालू असताना आपण घरी पोचून चावी फिरवली की काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं. मेकॅनिकने मला तिथेच दुरुस्तीला आलेल्या एका गाडीची डिप्स्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून दाखवली. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही वर चढलेलं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ती गाडी एका आजोबांची, रोज बागेपर्यंत आणि परत. इतकं समजावून सांगणारा माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे. शोरूममध्ये मी डीपीएफबद्दल विचारलं होतं तेव्हा “काही होत नाही सर” एवढंच उत्तर मिळालं होतं.

घरी येऊन हिशेब पुन्हा मांडला. आठवड्याला ३० किलोमीटर निव्वळ फिल्टरसाठी चालवायचे तर वर्षाला दीड हजार किलोमीटर. हायवेला २२चं ॲव्हरेज धरलं तरी सहा हजारांहून जास्त डिझेल, टोल आणि वेळ वेगळा. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आमचं वर्षच आधी होणार. म्हणजे सहा हजारांवरच ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे, आणि डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं. मला मिळालेल्या दरांत डिझेलची सर्व्हिसिंग दोन हजारांनी जास्त होती. शिवाय काही मॉडेलना ॲडब्लू म्हणजे युरियाचं द्रावण भरत राहावं लागतं, ते मी धरलंच नाही. १६ हजारांतून हे सगळं वजा करून हातात आठ हजारही राहत नव्हते. त्या गतीने एक लाख ८० हजार फिटायला तेवीस वर्षं, आणि गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची.

सीएनजीचा विचार केला. पण वाईला जाताना आई-वडिलांची व्हीलचेअर डिकीत ठेवावी लागते आणि सिलिंडरने तीच जागा जाते. इलेक्ट्रिकला सोसायटीने चार्जिंग पॉइंटची परवानगी अजून दिलेली नाही. ती मिळाली असती तर हा सगळा हिशेब मी वेगळा मांडला असता.

आम्ही पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. खंबाटकीत जुन्या गाडीची आठवण येते, चढाला पाय जास्त दाबावा लागतो.

मेहुण्याला मी तीच पानं पाठवली, त्याचे आकडे घालून. तो नाशिकहून मुंबई, संभाजीनगर, धुळे असा कामासाठी फिरतो, वर्षाला २५ हजार किलोमीटर, जवळजवळ सगळे हायवेचे. हायवेला पेट्रोल १७ आणि डिझेल २२ धरलं तर किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला पन्नास हजार. त्याचे जास्तीचे पैसे चार वर्षांत फिटतात आणि फिल्टरची त्याला काळजीच नाही. त्याला मी ठामपणे डिझेलच घे म्हणून सांगितलं. आमची जुनी गाडी वाईच्या चुलतभावाने नेली. तो रोज साताऱ्याला जातो, तिला डीपीएफ नाही, आणि नोंदणी २०२८ पर्यंत आहे.