ताट काउंटरवर थांबलं की मटण वातड होतं

आखाडातला शेवटचा रविवार. श्रावण चार दिवसांवर आलेला आणि पुण्यात कोल्हापुरी थाळी मिळते त्या प्रत्येक हॉटेलाबाहेर माणसांचा घोळका. हॉटेलातली सर्व्हिस बसवून द्यायची हे माझं काम: वाढप, ऑर्डर, काउंटर, टेबलांची वाटणी. ज्या हॉटेलात त्या दिवशी गेलो होतो, त्याच्या मालकांचं म्हणणं एवढंच होतं की आचारी तोच, मसाला तोच, खाटीकही तोच. आठवडाभर कुणाची तक्रार नसते आणि रविवारी मात्र लोक मटण वातड आहे म्हणून उठतात.

स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातलं मटण आधी खाऊन घेतलं. फोड बोटानं दाबली तरी तुटत होती. मग थर्मामीटर घेऊन काउंटरपाशी, म्हणजे ताटं जिथून बाहेर जातात तिथं, उभा राहिलो.

हॉल चौसष्ट जणांचा. साडेबाराला दार उघडलं आणि दहा मिनिटांत सगळी टेबलं भरली. मालकांना त्याचा आनंद होता, मला काळजी. कारण भाकरीचा हिशोब सोपा आहे. ज्वारीची भाकरी थापायची, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, उलटायची आणि जाळावर फुगवायची, यात तीन-साडेतीन मिनिटं जातात. दोन तवे सांभाळणारी तयारीची मावशी तासाला पस्तीस-चाळीस भाकऱ्या देते. मावशी दोन होत्या. म्हणजे तासाला फार तर ऐंशी भाकऱ्या, आणि चौसष्ट माणसं पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकी दोन मागणार. गिऱ्हाईक एकदम बसवलं की हे गणित जमतच नाही, मावशींनी कितीही हात चालवला तरी.

त्यात कॅप्टन तीन टेबलांच्या ऑर्डरी घेऊन मगच कॉम्प्युटरकडे जात होता. हॉलमधल्या माणसाला वाटतं त्यात फेरी वाचते. आत मात्र तीन केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात निघणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकाच मिनिटाला निघतात आणि काउंटरवरच्या दोन पोरांना सतरा-अठरा ताटं एकदम लावावी लागतात. ते जमावं म्हणून पोरांनी वाट्या आधीच भरून ठेवल्या होत्या: तांबडा, पांढरा, सुकं, खिमा. सगळं रांगेनं मांडलेलं, वर पंखा.

पन्नास लिटरच्या पातेल्यातला रस्सा तासभर गरम राहतो. स्टीलच्या वाटीतला दीडशे मिली रस्सा दहा-बारा मिनिटांत कोमट होतो. शिजलेलं अन्न वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर ठेवावं, असं अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणात शिकवतात. रांगेतल्या शेवटच्या वाटीत मी थर्मामीटर बुडवला तर त्रेचाळीस.

नऊ नंबरच्या टेबलावर सात जणांचं कुटुंब होतं, दोन टेबलं जोडून बसलेलं. काउंटरवर त्यांची पाच ताटं लागली आणि वेटरनं ती तेवढीच नेली. उरलेल्या दोनांतलं एक आजोबांचं. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याचं ताट आल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, त्यामुळे पाच ताटं समोर ठेवून सगळे बसून राहिले. मुलगा दोनदा म्हणाला, "अहो, बाबांचं ताट कुठंय?" कॅप्टन लांबूनच, "आलंच काका, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं अकरा मिनिटांची झाली. भाकऱ्या पहिल्या ताटांबरोबरच आल्या होत्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, ओल उडाली की भाकरी ताठ होते आणि मोडायला गेलं की तुकडे पडतात. आजोबांना भाकरी रश्श्यात कुस्करून भिजवावी लागली, आणि रस्सा तोवर निवलेला.

पहिल्या घासालाच सूनबाईंनी वाटी बाजूला सरकवली. मटण वातड आहे आणि तोंडात तुपकट लागतंय, ही तक्रार. वाटी परत आली तेव्हा मी ती उजेडात धरली. सुक्याच्या कडेनं पांढुरकी चरबी धरायला लागली होती. बकऱ्याची चरबी गाईच्या तुपासारखी नसते, कोमट झाल्याबरोबर थिजते. टाळूला तिचा थर बसतो, मसाल्याची चव त्याखाली दबते आणि फोडीचे धागे आवळल्यासारखे लागतात. पातेल्यात तुटणारी तीच फोड ताटात चिवट लागते. आचाऱ्याला बोलावून दोन्ही खायला दिल्या. बिचारा म्हातारा माणूस, सकाळपासून मालकांची बोलणी खात होता. त्यानं वाटीतली फोड चावली, गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे बाहेर जाऊन किती वेळ झाला?" दोष कुठं आहे हे त्याला एका फोडीत कळलं होतं.

पुढं जे झालं ते थंड मटणापेक्षा वाईट. वेटरनं पांढरा "गरम करून दे" म्हणून आत दिला आणि पोरानं तो कढईत ओतून मोठ्या आचेवर ठेवला. पांढरा म्हणजे अळणी रस्सा, नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण. त्याला खळखळून उकळी आली की नारळाचं दूध फुटतं, वर तेल आणि खाली चोथा. तो फुटलेला पांढरा तसाच टेबलावर गेला. पांढरा पुन्हा गरम करायचाच तर उकळत्या पाण्यात भांडं ठेवून, सतत ढवळत. ते जमणार नसेल तर पातेल्यातून नवा घालावा. दीडशे मिली रश्श्याची किंमत ती काय!

हातानं जेवणारा माणूस वाढप्यावर किती अवलंबून असतो, याचा विचार हॉटेलवाले करत नाहीत. एकदा हात भरला की त्याला पाण्याचा जग उचलता येत नाही, मेनू धरता येत नाही, शेजारची वाटी घेता येत नाही. तांबडा-पांढरा हवा तेवढा मिळतो हीच तर या थाळीची ऐट. पण वेटरकडे सात टेबलं असतील तर तो रस्सा घेऊन येईपर्यंत भाकरी संपलेली असते, आणि भाकरी येते तेव्हा रस्सा नसतो. साध्या जेवणाला एका वेटरनं चार टेबलं सांभाळावीत; थाळीला तीनच, कारण तिथं वाढप थांबतच नाही. त्या दुपारी नऊ नंबरवर दुसऱ्यांदा रस्सा आलाच नाही. शेजारचं टेबल पुसणाऱ्या पोरानं मात्र आंबूस वासाचं फडकं त्यांच्या ताटांवरून झटकत नेलं, आणि जागेची वाट बघणारी चार माणसं आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी होती.

भात मागवायच्या आतच बिल आलं. त्यात पाच टक्के सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. मुलानं तो काढायला सांगितला तर कॅप्टन वाद घालायला लागला. मी मध्ये पडून तो काढायला लावला. ते लोक भात न घेताच उठले. आजोबांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली होती. अन्न टाकणाऱ्यातले ते दिसत नव्हते, म्हणून मला ते फार लागलं.

ताटं काउंटरवर का थांबत होती, याचं खरं कारण गर्दी नव्हतं. ऑनलाइन ऑर्डरचा टॅब त्याच काउंटरवर ठेवलेला होता. तो वाजला की पोरं हातातलं ताट ठेवून डबे भरायला धावत, कारण उशीर झाला की रेटिंग पडतं आणि डिलिव्हरीवाला समोर उभा असतो. हॉलमधला माणूस काउंटरला दिसत नाही. नऊ नंबरची दोन ताटं अडली तेव्हा पोरं पार्सलचे डबे बांधत होती.

संध्याकाळसाठी काही बदल केले. दारात वही घेऊन एक माणूस बसवला आणि सात-आठ मिनिटांनी तीनच टेबलं आत सोडायची असं ठरवलं. वाट बघणारे बाहेर खुर्च्यांवर. प्रत्येक टेबलाची ऑर्डर घेतली की लगेच केओटी. वाट्या आधी भरायच्या नाहीत, वेटर समोर आला की पातेल्यातून भरायच्या, आणि टेबलाची सगळी ताटं एकदम न्यायची, माणसं जास्त असतील तर दोघांनी. पहिली भाकरी ताट ठेवल्यावर, दुसरी मागायच्या आधी. शिवाय एकाच माणसाला दोन किटल्या दिल्या, एकीत तांबडा, एकीत पांढरा. त्यानं ऑर्डर घ्यायची नाही, बिल द्यायचं नाही, फक्त फिरत राहायचं.

रात्री ताट टेबलावर ठेवताना मोजलं तर सुकं अडुसष्ट अंशांवर होतं. आचाऱ्यानं मसाल्यात काही बदललं नव्हतं. मटण वातड असल्याचं कुणी म्हणालं नाही. भाकरीला उशीर झाला असं दोन टेबलं म्हणाली आणि ते खरंच होतं. तिसरी मावशी लागेल, किंवा गर्दीच्या वेळी ऑर्डर घेतानाच चपातीचं विचारावं लागेल.

टॅबवरून मालकांशी बरंच बोलणं झालं. पार्सलचा धंदा सोडवत नाही, हे मलाही कळतं. शेवटी मागच्या दाराशी पार्सलचं वेगळं टेबल आणि एक वेगळा पोरगा, आणि रविवारी एक ते तीन टॅब बंद, यावर ते तयार झाले.