वूडवर्डच्या सिग्नलला तापणारी जीटीओ

डेट्रॉइटच्या उत्तरेकडे आम्ही राहतो तिथून वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हाकेच्या अंतरावर आहे. अमेरिकेतला काँक्रीट हायवेचा पहिला मैल 1909 मध्ये याच रस्त्यावर झाला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मात्र हा रस्ता रस्ता राहत नाही, त्याची जत्रा होते. 1995 मध्ये फर्नडेलमधल्या मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला म्हणून कुणीतरी जुन्या गाड्यांची फेरी काढली आणि तिची 'वूडवर्ड ड्रीम क्रूझ' झाली. फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत साधारण पंचवीस किलोमीटर नुसत्या जुन्या गाड्या, पदपथावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं आणि हवेत अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास. मिशिगनचा कायदाही या वेड्यांना सामील आहे. ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट असली की एरवी ती फक्त प्रदर्शनं, क्लबच्या सहली अशा कामांसाठीच बाहेर काढायची, पण ऑगस्टचा पूर्ण महिना ती कुठेही फिरवायला मोकळीक.

आता गंमत अशी की या जत्रेत गाड्या पळत नाहीत, रांगतात. तीस अंश उकाडा, पुढच्या गाडीच्या गरम धुराचा फवारा आणि दर सिग्नलला मुक्काम. सत्तर साली बनलेल्या मोठ्या इंजिनाला याहून वाईट परीक्षा नाही. दर वर्षी कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसते आणि मला हमखास बोरघाट आठवतो. पूर्वी खंडाळ्याच्या चढावर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर अशाच वाफा सोडत उभ्या असायच्या आणि कुणीतरी कॅनमधून पाणी आणत असायचं.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी या रांगेतली नेहमीची मानकरी. वयाने ते माझ्या वडिलांएवढे. इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते, माझ्या तोंडून ते अजून सहज निघत नाही. गाडी 1969 ची पाँटियाक जीटीओ. पाँटियाक हा त्या गावाच्याच नावाचा, जनरल मोटर्सचा गाड्यांचा ब्रँड. 'मसल कार' म्हणतात त्या जातीची सुरुवात बहुतेक जण 1964 च्या जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता. पाँटियाकमधल्या इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि मंडळींनी 389 चं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन 'जादा पर्याय' म्हणून यादीत सरकवलं आणि नियमाला बगल दिली. शेजाऱ्यांच्या गाडीत मूळचं 400 होतं. ते काढून त्यांनी 455, म्हणजे साडेसात लिटरचं धूड बसवलंय. पाँटियाकच्या व्ही-8 चं बाहेरचं माप 326 पासून 455 पर्यंत जवळपास एकच असल्यामुळे ते काहीही न कापता-जोडता आत जातं. म्हणून तर हा मोह कुणाला आवरत नाही.

पण जागा तेवढीच राहिली तरी उष्णता तेवढीच राहत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि उरलेला इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात. ताकद वाढवली की पाण्यात जाणारा वाटाही वाढला. शेजाऱ्यांनी त्यावर प्रत्येकाने सांगितलेला उपाय केला होता. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर काढून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा घातला. इंजिनावर फिरणारा मोठा पंखा काढून दोन इलेक्ट्रिक पंखे लावले. शेवटी वैतागून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडपच, काढून टाकला. इतकं करूनही काटा 230 फॅरनहाइटला, म्हणजे 110 अंश सेल्सियसला टेकायचाच.

पिंपरीत नोकरी करत असताना आमचे एक साहेब टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या जागी, कुणीही 'इंजिन तापतंय' म्हणून आलं की एकच विचारायचे: "कधी तापतंय?" तोच प्रश्न मी शेजाऱ्यांना विचारला. उत्तर आलं, "सारखीच तापते." तर एका रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. आधी गल्लीबोळांतून, मग आय-75 हायवेवर. सिग्नलला काटा चढला. यात नवल नव्हतं, उभ्या गाडीत वारा म्हणजे फक्त पंख्याचा. पण हायवेला ताशी शंभर किलोमीटरच्या वेगातही काटा हळूहळू वर सरकत राहिला. तिथे वाऱ्याला तोटा नसतो. म्हणजे दुखणी दोन होती. एक वाऱ्याचं, एक पाण्याचं. इतकी वर्षं दोन्हींवर एकच औषध चालू होतं: अजून मोठा रेडिएटर.

पाण्याचं दुखणं जास्त मजेशीर निघालं. गाडी गरम असताना मी इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवला. मध्येच थंड पट्टे नव्हते, म्हणजे आत काही तुंबलेलं नव्हतं. पण वरच्या नळीशी 105 अंश आणि खालच्या नळीशी 65. रेडिएटर पाणी थंड करत होता, अगदी मन लावून करत होता. पाणीच पुढे सरकायला तयार नव्हतं. खालची नळी पंपाच्या ओढीने चपटी होते का तेही पाहिलं. आत स्प्रिंग होती, नळी ठीक होती. उरला पंप.

पाँटियाकच्या व्ही-8 मध्ये एक खोड आहे. बऱ्याच इंजिनांत पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र, पंपाच्याच घरात बंदिस्त असतो. इथे पंप आणि इंजिनाच्या तोंडावरचं टायमिंग कव्हर यांच्या मध्ये एक सुटी पत्र्याची प्लेट असते आणि इम्पेलरची पाती तिच्या अगदी लगत फिरावी लागतात. फट वाढली की पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी तिथल्या तिथे घुसळलं जातं. दुरुस्त करून विकलेल्या पंपांत मूळच्या ओतीव लोखंडी इम्पेलरऐवजी पत्र्याचा, आखूड पात्यांचा इम्पेलर सर्रास असतो, आणि तो असला की ही फट आपसूक वाढते.

पंप उतरवायच्या आधी शेजारणीने कुत्र्याला घरात कोंडलं. पाण्यात मिसळलेलं कूलंट गोडसर असतं, कुत्री ते चाटतात आणि मरतात. ते गटारात ओतायचं नसतं, डबा भरून गावाच्या संकलन केंद्रावर नेऊन द्यायचा. अकरा बोल्ट सोडवून पंप हातात आला आणि इम्पेलर पत्र्याचाच निघाला. फट मोजायला माझ्या मुलीची खेळण्यातली माती उपयोगी पडली. निळ्या मातीचे गोळे पात्यांवर चिकटवले, गॅस्केट घालून पंप पुन्हा कसला, पुन्हा सोडला आणि चेपलेल्या मातीची जाडी कॅलिपरने पाहिली. सहा मिलीमीटर! हवी होती मिलीमीटरभर. शेजाऱ्यांनी ती माती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच म्हणाले, "रेडिएटर सातशे डॉलरचा होता."

ओतीव इम्पेलरचा पंप मागवला. प्लेट लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलके ठोके देत पुढे आणली. अधूनमधून माती लावून पाहायचं, पुन्हा दोन ठोके. या कामाला घाई चालत नाही, कारण प्लेट जास्त आली तर पाती तिला घासतात. मग 180 फॅरनहाइटचा नवा थर्मोस्टॅट बसवला. त्यावर थोडा वाद झाला. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, हा समज इथेही पक्का आहे, आपल्याकडेही आहे. वास्तविक इंजिन तापलेलं असताना तो पूर्ण उघडाच असतो. इंजिन किमान किती गरम राहावं एवढंच तो ठरवतो, जास्तीत जास्त किती ते नाही.

वाऱ्याचं दुखणं समजायला सोपं होतं. मूळ पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा सगळ्या रेडिएटरमधून ओढायला लावणारं आवरण, काढून फेकलेलं आणि दोन छोटे गोल पंखे थेट रेडिएटरच्या जाळीला बांधलेले. ते आपल्यापुरत्या दोन वर्तुळांतून हवा ओढत होते, बाकी जाळी कोरडीच. शिवाय असल्या पंख्यांना वीज भरपूर लागते. त्या काळचे अल्टरनेटर चाळीस-साठ अँपिअरचे, त्यामुळे सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखेही मलूल. आम्ही क्लच असलेला मोठा यांत्रिक पंखा परत लावला आणि त्याच्यावर श्राउड असं बसवलं की पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. आता त्याची ओढ सगळ्या जाळीवर पडते.

तिसरी गोष्ट सहज हाती लागली. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची, नळी कुणीतरी काढून बूच मारलं होतं. रेसवाल्यांची ही सवय आहे, आणि रेसमध्ये ती चालतेही, कारण तिथे गाडी सिग्नलला उभी राहत नाही. आयडलला, म्हणजे इंजिन उभ्या गाडीत मंद चालू असताना, पेट्रोल-हवेचं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं. ठिणगी उशिरा पडली तर जळणं एक्झॉस्टच्या तोंडापर्यंत चालू राहतं आणि ती उष्णता हेडमधून पाण्यात उतरते. नळी थेट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याच्या, व्हॅक्यूमला जोडली, आयडल पुन्हा लावलं. काटा डोळ्यांदेखत खाली आला.

परवा संध्याकाळी थर्टीन माइल रोडच्या सिग्नलला, क्रूझच्या आधीच्या गर्दीत, काटा 195 फॅरनहाइटला उभा होता, म्हणजे साधारण 90 सेल्सियस. एसी लावला की तो 205 पर्यंत जातो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. शेजाऱ्यांचं म्हणणं, खिडक्या कशाला दिल्यात? शेजारणीचं म्हणणं, मग मी माझ्या गाडीने येते. तेव्हा पुढच्या शनिवारी रेडिएटर आणि समोरच्या पत्र्यामधल्या फटी रबरी पट्टीने बुजवायच्या ठरल्यात, म्हणजे हवा बाजूने पळणार नाही.