व्हिएतनामचे नऊ दिवस: डॉलर किती न्यायचे, डोंग कुठे घ्यायचे

मार्ग असा: मुंबई, हनोई, हालाँग उपसागर, दा नांग, होई आन, हो चि मिन्ह सिटी आणि परत. माणसं दोन, मुक्काम आठ रात्रींचा. विमानं, हॉटेलं आणि हालाँगची बोट यांचे पैसे भारतातूनच भरलेले होते. उरतो तो हातखर्च, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

आधी दराचं गणित डोक्यात पक्कं करा. डॉलर साधारण २६,००० डोंगला (हे व्हिएतनामचं चलन) आणि ९० रुपयांना धरला तर एक लाख डोंग म्हणजे सुमारे ३४५ रुपये. निघायच्या दिवशीचा दर बघून हा आकडा बदलून घ्या. भावाच्या पाटीवरची शेवटची तीन शून्यं पुसायची, उरलेल्याची साडेतीनपट करायची, की रुपये हाती येतात: ६०,००० डोंगचं फो (तिथलं नूडल सूप), म्हणजे २१० रुपयांच्या आसपास. तिथे हजारानंतर स्वल्पविराम नसतो, टिंब असतं. ५०.००० म्हणजे पन्नास नव्हे, पन्नास हजार. मेन्यूवर नुसतं ५० लिहिलेलं असलं तरी तेही पन्नास हजारच. मीटरच्या टॅक्सीतही बऱ्याचदा शेवटची तीन शून्यं गाळलेली असतात.

भारतात डोंग शोधू नका. मिळालेच तर दर फार वाईट असतो. रुपये तिकडे नेऊन बदलायचा विचारही सोडून द्या. रुपयांचे डॉलर इथे आणि डॉलरचे डोंग तिथे, ही दोन टप्प्यांची वाट लांबची वाटली तरी स्वस्त पडते. डॉलर बँकेकडून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून घ्या, तेही निघण्याच्या चार-पाच दिवस आधी. मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर डॉलरमागे काही रुपये सहज जास्त जातात. सोबत पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट न्या. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देता येत नाही, ती खात्यातून वळती करावी लागते. एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा मिळतात. जीएसटी नगण्य आहे: ४५,००० रुपयांच्या खरेदीवर ८१ रुपये. तेव्हा घासाघीस दरावर करा. 'कमिशन नाही' असं सांगणारा तेच पैसे दरात वसूल करत असतो.

नोटा मात्र निरखून घ्या. शंभराच्या, नव्या निळसर पट्टीच्या, कोऱ्या. पेनाची रेघ, शिक्का, कोपऱ्याची चीर यापैकी काही दिसलं की नोट तिथल्या तिथे बदलून मागा. व्हिएतनाममध्ये अशी नोट परत करतात किंवा तिला कमी दर देतात. दहा-वीसच्या नोटांनाही शंभराच्या नोटेपेक्षा कमी दर मिळतो. खरेदीची पावती जपून ठेवा.

दोघांचा रोजचा खर्च डोंगमध्ये असा बसतो. नाश्ता हॉटेलात. कॉफीला एक लाख (हनोईची अंड्याची कॉफी यातच), दोन जेवणांना सहा लाख, ग्रॅबच्या (ॲपवरून बोलवायच्या) गाड्यांना दोन लाख. दिवसाचे नऊ लाख, आठ दिवसांचे बहात्तर लाख. होई आनच्या जुन्या शहराचं तिकीट माणशी १,२०,००० आहे. दा नांगजवळच्या बा ना हिल्सला, म्हणजे हातांवर तोललेल्या त्या सोनेरी पुलाला, माणशी दहा लाखांच्या आसपास लागतात. हनोईचं साहित्य मंदिर आणि बाकीची किरकोळ तिकिटं धरून प्रवेशशुल्काचे तीस लाख वेगळे ठेवा. एकूण एक कोटीच्या वर थोडे, म्हणजे साधारण ३५,००० रुपये किंवा चारशे डॉलर. आम्ही पाचशे डॉलर रोख आणि शिवाय एक कार्ड, असं सुचवू. खरेदी यात धरलेली नाही.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. तिकडे त्याचा अर्थ शाकाहार. अशा पाटीच्या खानावळीत दोघांचं जेवण दीड लाखात होतं, भारतीय हॉटेलात तेच पाच-सहा लाखांवर जातं. 

हनोईला उतरल्यावर विमानतळावरच्या बँकेच्या काउंटरवर फक्त शंभर डॉलर बदला. दर बरा असतो, दोन-तीन काउंटर बघून घ्यायला मिनिटं लागतात. हाती सव्वीस लाख येतील: पाच लाखांच्या पाच नोटा आणि एक लाखाची एक. त्यातली पाच लाखांची एक नोट तिथेच सुटी करून घ्या, बस आणि चहावाल्याकडे ती मोडत नाही.

सगळ्यात महाग चूक नोटांच्या रंगात होते. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. फरक पंचवीसपट. दहा हजार आणि दोन लाख यांच्यातही तपकिरी छटेमुळे घोळ होतो. सगळ्यांवर हो चि मिन्ह यांचंच चित्र, आणि प्लास्टिकच्या असल्याने नव्या नोटा एकमेकींना चिकटतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, अंधारात टॅक्सीचे पैसे देऊ नका, आणि नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा.

पुढचे डॉलर शहरात, दोन-तीन टप्प्यांत बदला. हनोईच्या हा त्रुंग रस्त्यावरच्या सराफी दुकानांत दर किंचित चढा मिळतो, पण परवाना असलेल्याच दुकानात जा. २०१८ मध्ये कॅन थो शहरात एका माणसाने सराफाकडे शंभर डॉलर बदलले म्हणून त्याला नऊ कोटी डोंग दंड ठोठावला होता. गाजावाजा झाल्यावर तो माफ झाला, पण विनापरवाना दुकानात बदलणं आजही बेकायदेशीरच आहे. बँक सुरक्षित, मात्र पासपोर्ट लागतो आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद असतात.

होई आनचे शिंपी आणि सहलवाले भाव डॉलरमध्ये सांगतात. भाव डोंगमध्येच विचारा. डोंगमधला भाव डॉलरने चुकवलात आणि दुकानदाराने डॉलर २५,००० ने धरला, तर प्रत्येक डॉलरमागे हजार डोंग जातात.

कार्डाबद्दल. बहुतेक फॉरेक्स कार्डांवर (आधीच परकीय चलन भरून घ्यायची कार्डं) डोंगचा कप्पा नसतो. डॉलर भरलेलं कार्ड तिथे वापरलं की चलनबदलाचं शुल्क पुन्हा लागतं. साध्या कार्डावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलनबदलाचं शुल्क, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर तेच न्या. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करा, ओटीपीसाठी रोमिंगही बघा. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र रुपयांत रक्कम दाखवून 'हो' म्हणायला सांगेल, तिथे नाही म्हणा आणि डोंगच निवडा. रुपयांतला दर यंत्रवाल्याचा असतो. एटीएम एका वेळी बहुधा वीस-तीस लाखच देतं आणि दर वेळी शुल्क कापतं, म्हणून ते अडीअडचणीलाच. लहान दुकानं कार्डावर तीन टक्के वाढवतात, आधी विचारा.

हो चि मिन्ह सिटीच्या शेवटच्या दोन दिवसांत नवे डॉलर मोडू नका. उरलेले डोंग भारतात कोणी घेत नाही. विमानतळावरची बँक ते परत डॉलरमध्ये देते, पण दर उतरता असतो आणि बदलल्याची पावती मागतात. म्हणून परतीच्या दिवशीच्या गाडीचे आणि जेवणाचे डोंग बाजूला काढून, बाकीचे हॉटेलचं किरकोळ बिल किंवा कॉफीची पाकिटं यात संपवा. वाचलेले डॉलर २,००० पर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला विकावे लागतात, आणि तेव्हा डॉलर खरेदीची ती जुनी पावती कामी येते.